९० लाखांत तिसरी खोली : वाघोली, कोथरूड की वारजे?

चार_भिंती

नमस्कार मंडळी. पुण्यात राहतं घर घ्यायचंय. बजेट सगळं धरून ९० लाख. घरात आम्ही दोघं, शाळेत जाणारी मुलगी आणि आई-बाबा. आठवड्यातले तीन दिवस घरून काम, त्यामुळे दार लावून बसता येईल अशी जागा लागतेच. पूर्वी एवढ्या कुटुंबाला २ बीएचके चालून जायचं. आता जिथे जाऊ तिथे तिसरी खोली, मोठी बाल्कनी, गाडी चार्ज करायची सोय हेच पुढे करतात, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही तेच हवंय.

तीन पर्याय उरलेत.

(अ) वाघोली, बांधकाम चालू. ‘कॉम्पॅक्ट ३ बीएचके’, करारमूल्य ७८ लाख. ताबा साधारण अडीच वर्षांनी. विक्रीवाले ‘युजेबल कार्पेट ८२१ फूट’ म्हणतात.
(ब) कोथरूड, पुनर्विकासातली नवी इमारत, २ बीएचके, रेरा (स्थावर संपदा कायदा) मापाने कार्पेट ५० चौ. मी., हेही ७८ लाख. पार्किंग मेकॅनिकल, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायचं.
(क) वारजे, २०१३ ची इमारत, रिसेल ३ बीएचके, ‘सेलेबल १,३५० फूट’ (सामाईक जागेचा वाटाही धरलेलं माप), मागणी ८४ लाख. सोबत अटॅच्ड टेरेस.

कोणता घ्या असं थेट सांगू नका म्हणत नाही, सांगाच. पण त्याआधी नेमकं काय तपासायचं तेही सांगा.

नकाशावाचक

आधी क्षेत्रफळ सारख्या मापावर आणा, नाहीतर तुलनाच होणार नाही. तुम्ही दिलेले तिन्ही आकडे तीन वेगळ्या मापांतले आहेत.

रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी टेरेस धरत नाहीत. ‘युजेबल कार्पेट’ हे विक्रीवाल्यांचं माप आहे, कायद्यात असं वेगळं माप नाही. वाघोलीचे ८२१ फूट म्हणजे ७६.३ चौ. मी. त्यात बाल्कनी ७.५ आणि ड्राय बाल्कनी २.८ असेल, तर रेरा कार्पेट उरतं ६६ चौ. मी., म्हणजे ७१० चौ. फूट. ७८ लाखांना ८२१ ने भागलं की दर दिसतो ९,५०० च्या आसपास. ७१० ने भागलं की तोच १०,९८० होतो. महारेराच्या (राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाच्या पानावर फ्लॅटनिहाय कार्पेट चौ. मी. मध्ये असतं. ते घ्या, १०.७६४ ने गुणा, आणि बाल्कनी वेगळ्या रकान्यात लिहा.

आता तिसरी खोली. लोकांना ती हवी झाली तसे नकाशेही बदलले, पण बऱ्याच ठिकाणी घर न वाढवता हॉल आणि दोन्ही बेडरूममधून थोडं थोडं कापून ती काढलेली असते. म्हणून खोल्या मोजत बसू नका, रुंदी बघा. सिंगल पलंग ०.९ मी., कपाट ०.६ मी., दोन्हींच्या मध्ये कपाटाचं दार उघडायला आणि चालायला ०.६ मी. झाले २.१ मी. याहून अरुंद खोलीत पलंग आणि कपाट समोरासमोर बसत नाहीत. टेबल असेल तर १.२ × ०.६ चं टेबल आणि मागे खुर्चीला पाऊण मीटर लागतो. नकाशावरचं माप विटेपासून विटेपर्यंत असेल तर दोन्हीकडचं प्लॅस्टर वजा करा, २.१० लिहिलेली खोली हातात येते तेव्हा टेप २.०७ दाखवतो. मंजूर नकाशाची प्रत घ्या आणि ही मापं स्वतः त्यावर आखा. ब्रोशरमधलं फर्निचर खऱ्या मापाचं असेलच असं नाही, पलंग बारीक काढलेले असतात.

दुसरी गोष्ट कुणी विचारत नाही म्हणून ठळक सांगतो. इमारत मिव्हान पद्धतीची, म्हणजे अॅल्युमिनियम साच्यातली आहे का? तशी असेल तर आतल्या बहुतेक भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच इमारतीचा भार पेलतात. पुढे मुलगी मोठी झाल्यावर तिसरी खोली हॉलला जोडू, किचनचा ओटा उघडा करू, असले बेत विसरायचे. भिंतीला हात लावता येत नाही. एसीच्या तांब्याच्या नळीसाठी, चिमणीच्या पाइपसाठी भोकं (स्लीव्ह) साचा लावतानाच ठेवलेली हवीत. नंतर कोअर कटिंग करताना, म्हणजे यंत्राने काँक्रीटला भोक पाडताना, सळई कापली जाते, आणि बाहेरच्या भिंतीत पाणी शिरायला वाट होते. घरून काम करायच्या खोलीत एसीचा पॉइंट, बाहेरच्या युनिटचा कट्टा आणि इंटरनेटच्या वायरची नळी आहे का, हे इलेक्ट्रिकल ड्रॉइंगवर बघा. छोट्या तिसऱ्या खोलीत हे तिन्ही नसणं फार सर्रास आढळतं.

बाल्कनीबद्दल : भिंतीपासून कठड्यापर्यंतचं अंतर १.२ मी. पेक्षा कमी असेल तर तिथे खुर्ची टाकून दोघं बसली की येण्याजाण्याला जागा उरत नाही, कपडेच वाळतात. दीड मीटर असेल तर ती खरी वापरात येते. तुमच्यासारख्या घरात, जिथे आई-बाबा दिवसभर घरी आहेत, तिथे या एका फुटाने बराच फरक पडतो.

हप्तेवार

पैशाचं गणित आधी मांडा, पर्याय आपोआप स्वच्छ दिसतील.

बांधकाम चालू (अ आणि बहुधा ब) : करार ७८ लाख. मुद्रांक पालिका हद्दीत ७ टक्के, ५.४६ लाख. नोंदणी ३०,००० (१ टक्का, पण कमाल मर्यादा एवढीच). जीएसटी ५ टक्के, ३.९० लाख. एकूण ८७.६६ लाख. ४५ लाखांच्या वरचं घर असल्याने १ टक्क्याची सवलत लागू नाही, क्षेत्रफळ कितीही लहान असो.

रिसेल (क) : ८४ लाखांवर मुद्रांक ५.८८, नोंदणी ०.३०. एकूण ९०.१८ लाख. जीएसटी नाही. यावर सोसायटीची ट्रान्सफर फी आणि दलाली. ट्रान्सफर प्रीमियम महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,०००. त्याहून जास्त ‘डोनेशन’ मागायचा सोसायटीला अधिकार नाही.

घर फक्त महिलांच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात १ टक्का सूट मिळते, म्हणजे ७८ ते ८४ हजार वाचतात. करारात नवऱ्याचं नाव सहखरेदीदार म्हणून आलं की सूट गेली. कर्जाला तो सहकर्जदार राहू शकतो. आणि मुद्रांक हा करारमूल्य किंवा रेडी रेकनरचं (सरकारी दरपत्रकाचं) मूल्य, यांतलं जे जास्त त्यावर लागतो. दोन्ही आकडे आधी काढून घ्या.

बँक ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत देते, आणि त्या किमतीत मुद्रांक-नोंदणी धरत नाही. ७८ लाखांवर कर्ज ६२.४ लाख. हातचे १५.६ आणि वरखर्चाचे ९.६६ मिळून २५.२६ लाख रोख तयार हवेत. इथे बरीच कुटुंबं अडकतात आणि शेवटच्या महिन्यात पर्सनल लोन काढतात.

गेल्या काही वर्षांत तयार घराकडे ओढा वाढला, त्याचं कारण या आकड्यांतच आहे. अडीच वर्षं भाडं महिना २५,००० धरलं तर साडेसात लाख होतात. बांधकाम चालू असताना जेवढं कर्ज उचललं त्यावर व्याज चालूच. व्याज रिसेललाही भरायचंच असतं, त्यामुळे ते जादा धरू नका; भाडं मात्र निव्वळ जादा. जीएसटीचे ३.९० लाख आणि भाड्याचे ७.५ लाख मिळवले की वाघोलीचं ७८ चं घर ८४ च्या रिसेलपेक्षा महाग पडतं, आणि ताबा वेळेवर मिळाला तर ही स्थिती.

सूची_दोन

कागदांचं सांगतो, पर्यायवार.

वाघोली. नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. त्यानंतरचे टप्पे महाराष्ट्राच्या आदर्श करारात ठरलेले आहेत : करारानंतर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झालं की ४५ पर्यंत, सगळे स्लॅब होईपर्यंत ७०, आतल्या भिंती-प्लॅस्टर-फरशीला ७५, मग ८०, ८५, लिफ्ट-पंप-वीज झाली की ९५, आणि शेवटचे ५ टक्के ताब्याला. तुमच्या करारातलं वेळापत्रक याच्याशी ताडून बघा. पैसे पुढे ओढलेले असतील तर दुरुस्त करून घ्या, सही झाल्यावर नाही.

महारेराच्या पानावर फॉर्म १ (वास्तुविशारद), २ (इंजिनिअर) आणि ३ (सीए) उघडा. इंजिनिअरच्या मते झालेलं काम आणि सीएच्या मते झालेला खर्च यांत मोठी तफावत असेल तर विचारा. एकदा मुदतवाढ घेतलेली आहे का तेही तिथेच दिसतं. सर्वांत जास्त फसगत होते ती क्लबहाउस आणि बागेच्या बाबतीत. मोठा प्रकल्प टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या नोंदणी क्रमांकांवर असतो, आणि तरणतलाव तुमच्या टप्प्यात नसून तिसऱ्या टप्प्यात असतो. तुमच्या टप्प्याची तारीख पाळली गेली तरी तो यायला आणखी चार वर्षं. करारातल्या सुविधांच्या परिशिष्टात प्रत्येक सुविधेपुढे टप्पा आणि तारीख असायला हवी.

ताबा लांबला तर प्रकल्पात राहून व्याज मागता येतं किंवा पैसे व्याजासह परत. दर स्टेट बँकेचा सर्वांत जास्त एमसीएलआर (कर्जाचा आधारभूत दर) अधिक २ टक्के. ताब्यानंतर ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करायचे. रिसेलच्या २०१३ च्या इमारतीला हे दोन्ही नाही.

कोथरूड. पुनर्विकासात जमीन आधीच सोसायटीच्या नावे असेल तर पुढे कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करून घेण्याचा, प्रश्न राहत नाही, ही जमेची बाजू मोठी आहे. बघायचं एवढंच : विकसन करार आणि कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत आहेत का, तुमचा फ्लॅट विक्रीच्या वाट्यातला आहे की सभासदांच्या, आणि जुन्या सभासदांचं भाडं बिल्डर वेळेवर देतोय का. भाडं थकलं की काम थांबायची शक्यता वाढते. हे सोसायटीच्या सचिवांना भेटून विचारा, विक्री कार्यालयात कळणार नाही.

मेकॅनिकल पार्किंग मात्र नीट तपासा. २.३ × ४.५ मी. ही छोट्या गाडीची जागा. साडेचार मीटरहून लांब एसयूव्ही तिथे मावत नाही, आणि स्टॅकच्या मधल्या कप्प्याची उंचीही कमी असते. महारेराच्या २०२४ च्या आदेशाप्रमाणे पार्किंगची जागा, लांबी, रुंदी, उंची करारासोबत जोडायची असते. ते परिशिष्ट कोरं असेल तर सही करू नका. चार्जिंगचं म्हणाल तर वर-खाली हलणाऱ्या पॅलेटवर स्वतःच्या मीटरवरून कायमची वायर नेणं अवघड. गाडी विजेची घ्यायचीच असेल तर कोथरूडच्या पर्यायात हाच मुद्दा सगळ्यांत जड आहे.

वारजे. भोगवटा पत्र (इमारत वापरायला पालिकेची परवानगी), सगळ्या खरेदीखतांची साखळी, सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला, आणि जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स) झालंय का. ‘सेलेबल १,३५०’ बाजूला ठेवा. मूळ करारात कार्पेट आणि टेरेस चौ. मी. मध्ये वेगळे लिहिलेले सापडतील. तरी टेप घेऊन मोजाच. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्या मिळकतीचे सगळे दस्त काढा, कर्जाची नोटीस ऑफ इंटिमेशन (घर गहाण असल्याची नोंद) त्यात दिसते.

पाणीपट्टी

पाण्यावर कुणीच बोललं नाही, म्हणून.

वाघोली पुणे पालिकेत आली ती २०२१ च्या मध्यात, २३ गावांपैकी एक म्हणून. पण गाव पालिकेत येणं आणि नळाला पालिकेचं पुरेसं पाणी येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशोब साधा आहे. माणशी १३५ लिटर हे नियोजनाचं माप. त्यातले फ्लशचे ४५ लिटर एसटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेच्या) पुनर्वापरातून आले तर ताजं पाणी ९० लिटर. २०० फ्लॅट, प्रत्येकी चार माणसं, म्हणजे रोज ७२,००० लिटर. १०,००० लिटरचे सात-साडेसात टँकर. टँकर १,२०० रुपयांना धरला तर महिन्याला अडीच लाखांच्या वर, दर फ्लॅटला साधारण १,३०० रुपये. एसटीपी बंद पडला की फ्लशही टँकरच्या पाण्यावर. रोजचे १,०८,००० लिटर होतात आणि खर्च दीडपट. उन्हाळ्यात दर वाढतात ते वेगळं.

२०,००० चौ. मी. पेक्षा जास्त बांधकाम असेल तर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागते. ते पत्र परिवेश पोर्टलवर मिळतं आणि त्यात पाण्याचा ताळेबंद असतो : किती लागणार, कुठून येणार, किती पुनर्वापर. ब्रोशरआधी तो तक्ता वाचा. शेजारच्या राहत्या सोसायटीच्या फाटकावर मे महिन्यात सकाळी टँकरची रांग किती असते हे वॉचमनला विचारा.

पाण्याचा दर्जाही बघा. बोअरचं पाणी असेल तर टीडीएस (विरघळलेले क्षार) आणि कठीणपणा मोजून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या मानकात टीडीएस ५०० पर्यंत आणि कठीणपणा २०० पर्यंत चांगला मानतात. त्यापुढे गीझरची कॉइल आणि वॉशिंग मशीन लवकर जातं. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले तेव्हा पाण्याचा स्रोत आणि क्लोरीन हे शब्द घर बघणाऱ्यांच्या तोंडी आले. ते राहिलेच पाहिजेत. घरात वृद्ध माणसं असताना हा मुद्दा बाल्कनीच्या आधी येतो.

आणखी एक, मोठं घर घेताना बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इमारत सहकारी सोसायटी आहे की अपार्टमेंट कायद्याखालचं कॉन्डोमिनियम? सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. अपार्टमेंटमध्ये ते जमिनीतल्या अविभाज्य हिश्श्याच्या प्रमाणात, म्हणजे ३ बीएचकेला २ बीएचकेपेक्षा जास्त. हे ताब्यानंतर कळलं की भांडणं होतात. करारात ‘डिक्लरेशन’ असा शब्द दिसला तर अपार्टमेंट समजा.

नकाशावाचक

@पाणीपट्टी अगदी बरोबर. त्यात लिफ्ट जोडतो. मजल्यावर सहा फ्लॅट आणि बावीस मजले असतील तर १३२ घरं. तिथे दोनच लिफ्ट असतील तर एक दुरुस्तीला गेली की सकाळी आई-बाबा दहा-पंधरा मिनिटं उभे. स्ट्रेचर जाईल अशी एक तरी लिफ्ट हवी, आणि जनरेटरवर किती लिफ्ट चालतात तेही विचारा. ‘पॉवर बॅकअप’ म्हणजे कधी कधी एकच लिफ्ट आणि जिन्यातले दिवे.

मेट्रोचंही एकदा. कोथरूडला वनाझ, आनंदनगर, आयडियल कॉलनी ही स्थानकं आज चालू आहेत. रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी हा विस्तार केंद्राने जून २०२५ मध्ये मंजूर केला, चार वर्षांत पूर्ण करायचं उद्दिष्ट आहे. वाघोलीच्या दरात त्या मेट्रोचे पैसे आजच घेतले जात असतील तर तेवढी घासाघीस करा.

चार_भिंती

सगळ्यांचे मनापासून आभार. मापं काढली. वाघोलीची तिसरी खोली नकाशावर २.१० × २.७५, मिव्हान आहे. कोथरूडला आई-बाबा आणि मुलगी एका खोलीत जाणार, ते नको वाटतंय. वारज्याला तिन्ही खोल्या २.७ मी. च्या वर रुंद, पाणी पालिकेचं, भोगवटा पत्र आहे. पण दोन गोष्टी : टेरेसवर पत्रा टाकून ती बंद केलीय, आणि कन्व्हेयन्स झालेलं नाही. यामुळे सोडावं का?

सूची_दोन

या दोन गोष्टींमुळे सोडू नका, पण दरात धरा.

बंद केलेली टेरेस मंजूर नकाशात उघडीच आहे. बँकेचा मूल्यांकनकार ती उघडी टेरेस म्हणूनच धरेल, खोली म्हणून नाही. विकणारा ‘साडेतीन’ म्हणून भाव सांगत असेल तर तो अर्धा वजा करा. पत्रा काढायची नोटीस आली तर खर्च तुमचाच. पत्र्याच्या कडेने आत ओल येते, टेरेसला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीवर हात फिरवून बघा. खालच्या मजल्यावरच्यांना बाथरूमच्या छताला गळती आहे का हेही विचारा. २०१३ च्या इमारतीत संकन स्लॅबचं (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबचं) वॉटरप्रूफिंग आता जायच्या बेतात असतं, आणि दुरुस्तीला वरची फरशी उखडावी लागते.

कन्व्हेयन्स नसणं पुण्यात दुर्मीळ नाही. बिल्डर किंवा जमीनमालक करून देत नसेल तर मानीव अभिहस्तांतरणासाठी सोसायटी मोफा (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकी) कायद्याच्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करू शकते. अर्ज केलाय का, कागद जमवलेत का, हे इतिवृत्तात बघा. सोसायटीने विषयच घेतला नसेल तर पुढे पुनर्विकासाच्या वेळी जमीनमालक आडवा येतो. सिंकिंग फंडात (मोठ्या दुरुस्तीच्या राखीव निधीत) किती शिल्लक आहे तेही त्याच बैठकीत कळेल.

हप्तेवार

बेडरूमच्या रुंदीवरून आणि पाण्यावरून माझंही मत वारजेच. ८४ ला नाही. टेरेस आणि कन्व्हेयन्स पुढे करून ८१-८२ ला आणा. ८२ ला मुद्रांक ५.७४ आणि नोंदणी धरून ८८.०४ होतात, दलाली आणि रंगकामाला जागा उरते.

टोकन चेकने किंवा ऑनलाइनच द्या, आणि पावतीवर लिहून घ्या की बँकेच्या वकिलाचा टायटल अहवाल प्रतिकूल आला किंवा मूल्यांकन करारमूल्यापेक्षा कमी आलं तर टोकन परत. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर पत्र (कर्ज पूर्ण फेडायला किती रक्कम लागेल ते) आणि तिथे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी आधी मागवा. तुमच्या बँकेचा पहिला चेक थेट त्या कर्जखात्यात जाईल.

किंमत ५० लाख किंवा जास्त असल्याने १ टक्का टीडीएस (उगमावर कापायचा आयकर) तुम्हीच कापायचा. ८२ लाखांवर ८२,००० होतात. पैसे ज्या महिन्यात दिले तो संपल्यावर ३० दिवसांत विकणाऱ्याच्या पॅनवर भरायचे आणि प्रमाणपत्र त्याला द्यायचं. विकणारा परदेशस्थ असेल तर हा दर नाही, कपात बरीच मोठी असते. मग टोकन देण्याआधीच सीएला गाठा.

ताबा घेतल्यावर मिळकतकर नावावर करताना पालिकेकडे पीटी-३ अर्ज त्याच वेळी द्या, राहत्या घराची ४० टक्के सवलत त्यावर मिळते. आधीच्या मालकाने फ्लॅट भाड्याने दिलेला असेल तर ती आज लागू नसेल, त्यामुळे जुनं बिल बघून अंदाज बांधू नका.